नोबेलवाला मायक्रोआरएनए आणि शिबिरातली साडेआठ हजारांची चाचणी

मांजराकाठ
रविवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज टंकायला बसलो त्याला कारण आमचे बापू.

बापू म्हणजे माझे थोरले चुलते. औसा तालुक्यात गाव, वय ६१, सहा एकर कोरडवाहू, तंबाखूची पुडी कायम खिशात. मागच्या आठवड्यात गावच्या मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर झालं. बीपी, शुगर फुकट. ते झालं की पुढच्या टेबलावर टाय लावलेला एक पोरगा रंगीत पत्रक घेऊन बसलेला. पत्रकावर डीएनएची शिडी आणि खाली लिहिलेलं, '२०२४ चे नोबेल मिळालेले तंत्रज्ञान! मायक्रोआरएनए पॅनल! रक्ताच्या एका नमुन्यात कॅन्सर, हार्ट, लिव्हर, मेंदू!' एरवी बावीस हजार, शिबिरात साडेआठ. आडतीत साडेआठ हजार म्हणजे दोनेक क्विंटल सोयाबीन. बापूंनी दोन हजार उचल देऊन नाव लिहून टाकलं, रक्तही दिलं आणि रात्री मला फोन. "तू जीवशास्त्र शिकवतूस ना? मग हे मायक्रो काय असतंय ते सांग. उरलेले साडेसहा हजार मंगळवारी द्यायचेत."

मी लातुरात बारावीला शिकवतो, तासिका तत्त्वावर. बापूंना जसं सांगितलं तसंच इथं सांगतो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

पेशीतला डीएनए म्हणजे तलाठ्याचं दफ्तर समजा. दफ्तर चावडीबाहेर जात नाही. पीककर्ज काढायचं तर सातबाऱ्याची नक्कल काढायची आणि ती घेऊन बँकेत जायचं. ही नक्कल म्हणजे एमआरएनए, बँक म्हणजे रायबोझोम आणि हातात पडलेलं कर्ज म्हणजे प्रथिन. माणसात प्रथिनांची जनुकं २०,००० च्या आसपास. दफ्तर सगळ्या पेशींत तेच, तरी यकृताची पेशी यकृताचं काम करते आणि डोळ्याची डोळ्याचं, कारण कुणी कोणती नक्कल किती काढायची हे ठरलेलं असतं. पूर्वी समज असा की हा सगळा ताबा दफ्तरापाशीच असतो. मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचाच एक बारका तुकडा, नकलेला चावडीतून निघाल्यावर रस्त्यात गाठतो. आहे केवढा, तर आरएनएच्या २२ रासायनिक अक्षरांच्या आगेमागे. त्याच्यापासून स्वतःचं प्रथिन बनत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या बगलेत बसून तो फिरतो आणि नकलेच्या शेपटाकडे जुळणारी अक्षरं सापडली की चिकटतो. मग ती नक्कल बँकेत चालत नाही, पुढं फाटूनच जाते. २२ च्या २२ अक्षरं जुळावी लागत नाहीत, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची जुळली तरी काम भागतं. त्यामुळं एकच मायक्रोआरएनए शेकडो जातींच्या नकला अडवू शकतो. माणसात असे मायक्रोआरएनए हजाराहून जास्त आहेत आणि आपल्या निम्म्याहून जास्त जनुकांवर त्यांचा हात आहे.

हे सापडलं एका गोल कृमीत. एक मिलिमीटर लांब, सी. एलिगन्स नाव. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोघं रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांच्या प्रयोगशाळेत शिकले, मग आपापल्या वाटेनं गेले. ॲम्ब्रोसना लिन-४ या जनुकाचा छडा लागला. त्यातून प्रथिन नव्हे, आरएनएचा बारका तुकडा निघत होता. रुव्हकुन लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या मागे होते. दोघांनी अक्षरं एकमेकांना कळवली, तर लिन-४ ची अक्षरं लिन-१४ च्या नकलेच्या शेपटाशी जुळली. १९९३ च्या डिसेंबरात 'सेल' या नियतकालिकात दोन्ही शोधनिबंध एकाच अंकात आले आणि जगानं 'किड्याची भानगड' म्हणून बाजूला ठेवले. २००० साली रुव्हकुन यांच्याकडे लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला. तो माशीत, माशात, माणसात, सगळीकडे अक्षरशः सारखा! तेव्हा कुठं धावपळ सुरू झाली. ७ ऑक्टोबर २०२४ ला नोबेल जाहीर झालं ते ह्या शोधाला. कुठल्याही चाचणीला नव्हे.

(अवांतर: हार्वर्डनं ॲम्ब्रोसना कायम केलं नव्हतं, म्हणून ते डार्टमथला गेले. आम्हा तासिकावाल्यांना हे वाचून दोन घास जास्त गेले.)

तर प्रश्न एवढाच, की ती चाचणी घ्यावी का? बापू म्हणतात, "नोबेल खोटं आसतंय व्हय?"

खवाभट्टी

सातबाऱ्याचं उदाहरण लई आवडलं सर. फक्त आमच्या भूमकडं नक्कल फाटायच्या आधी सर्व्हर बंद पडतो, त्याला मायक्रोआरएनए लागत नाही.

वाखूसा (वाचनखूण साठवली).

जुना_किडा

पुण्यात चार वर्षं याच किड्यांच्या मागं घालवली, म्हणून आयडी. लेख चांगला झालाय, दोन दुरुस्त्या सुचवतो.

एक. 'अडवतो' म्हटलं की वाटतं, दिवा बंद केला. तसं सहसा होत नाही. बहुतेक ठिकाणी प्रथिन थोडंसंच कमी होतं. ठिबकच्या नळीचा कॉक अर्धा पिळला की पाणी येतं पण धार कमी होते, तसं धरा. आणि एका नळीवर चार-चार कॉक असतात. एका नकलेवर अनेक मायक्रोआरएनए बसतात, सगळ्यांचा मिळून परिणाम होतो. म्हणून 'हा मायक्रोआरएनए वाढला म्हणजे हा रोग' असं एकास एक गणित जमत नाही.

दोन. तो तयार कसा होतो ते राहिलं. दफ्तरातून आधी लांबलचक आरएनए निघतो, त्याची केसाच्या पिनेसारखी घडी पडते. केंद्रकात ड्रोशा नावाची कात्री ती पिन कापून मोकळी करते, मग एक्स्पोर्टिन-५ तिला बाहेर नेतो, बाहेर डायसर पिनेचं टोक उडवतो. उरलेल्या दोन पदरांतला एक आर्गोनॉटकडे जातो, दुसरा बहुधा मोडीत.

आता आठवण. लिन-४ बिघडलेला किडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा प्लेट फेकून देणार होतो. वाटलं, बुरशी लागली. प्लॅटिनमच्या तारेनं एक उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आईच्या कातडीच्या आत पिल्लं वळवळत होती. लिन-४ नाही म्हणून लिन-१४ ची धार कमी होत नाही. धार कमी होत नाही म्हणून अंग लहानपणाचेच टप्पे पुन्हा पुन्हा करत राहतं, अंडी बाहेर टाकायचं दारच तयार होत नाही. अंडी आतच फुटतात आणि पिल्लं आईला आतून खातात. लॅबमध्ये आम्ही त्याला 'पिशवी झाली' म्हणायचो. २२ अक्षरं नसल्यानं काय होतं, ते मला त्या प्लेटनं शिकवलं.

चाचणीबद्दल जांभळी_ट्यूब ताईंनी बोलावं. त्या रोज रक्त हाताळतात.

जांभळी_ट्यूब

बोलावलंत म्हणून आले. अंबाजोगाईत लॅब टेक्निशियन आहे, सतरा वर्षं झाली.

दादा, मला एकच सांगा, त्या शिबिरात रक्त कसं काढलं? आमच्याकडे शिबिरांचे नमुने येतात, ते मी डोळ्यांनी ओळखते. सिरिंजनं ओढायचं, मग सुई न काढता त्याच सुईतून ट्यूबमध्ये जोरात दाबायचं. ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर दोन तास उन्हात, वर आपले खड्डे. सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचं पाणी पिवळं दिसायला हवं. ते येतं गुलाबी, कधी तर रूह अफजासारखं. म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या.

साध्या तपासणीतही हे चालत नाही, पोटॅशियम खोटं वाढून दिसतं. मायक्रोआरएनएत तर सगळाच घोळ. तांबड्या पेशी मिर-४५१, मिर-१६, मिर-९२अ ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, पुढं त्याचा नंबर) यांनी गच्च भरलेल्या असतात. पेशी फुटली की सगळं बाहेर. आणि मिर-९२अ हाच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची खूण म्हणून कितीतरी वेळा पुढं केला गेलाय! म्हणजे सुई दाबणाऱ्या पोराच्या अंगठ्यावर तुमच्या बापूंच्या आतड्याचा रिपोर्ट ठरणार. ट्यूबमध्ये हेपारिन असेल तर पुढची पीसीआर रिॲक्शनच (मायक्रोआरएनए मोजायची) अडते, म्हणून ह्या कामाला हिरवी ट्यूब चालत नाही, जांभळी लागते.

रक्तात मायक्रोआरएनए फिरतात आणि टिकतात, हे खरं आहे हां. २००८ पासून त्यावर भरपूर काम झालंय. पण एका लॅबला सापडलेली यादी दुसऱ्या लॅबच्या यादीशी जुळत नाही, हे रडगाणं तेव्हापासूनच चालू आहे. त्यात बरीच चूक रक्त काढण्यातली.

आणि मांजराकाठ दादा, रोझालिंड ली यांचं नाव राहिलं. लिन-४ च्या त्या १९९३ च्या निबंधावर पहिलं नाव त्यांचं आहे. ॲम्ब्रोसच्या पत्नी. टेबलावर हात चालवणाऱ्या बाईचं नाव नेहमी 'आणि सहकारी' मध्येच जातं.

मांजराकाठ

ताई, बापूंना विचारलं. "पोरगं शिकाऊ हुतं, दोनदा टोचलं, मग दाबून भरलं." तुम्ही समोर होतात की काय?

ली यांचं नाव राहिलं ही माझी चूक, मान्य.

गोदाकाठचा_दगड

सगळे नमुन्यावर बोलायलेत. मी म्हणतो नमुना एकदम शुद्ध आहे असं धरा, तरी गणित बसत नाही.

तुमच्या पंचक्रोशीतली वरून धडधाकट दिसणारी १,००० माणसं घ्या. त्यांतल्या ५ जणांत खरोखर लपलेला कॅन्सर आहे असं धरू. चाचणी १०० पैकी ९५ वेळा बरोबर सांगते असं धरू. हा आकडा मी उदार मनानं देतोय. ५ पैकी ५ सापडले. उरले ९९५ निरोगी, त्यांच्यातल्या शेकडा ५ जणांना चुकून 'आहे' म्हणणार, म्हणजे जवळजवळ ५०. एकूण ५५ घरांत रडारड. त्यातली ५० घरं सीटी स्कॅन, सोनोग्राफी, सोलापूर-बार्शीच्या चकरा करून 'काही निघालं नाही' म्हणून परत. तेवढ्यात एखादी म्हैस विकलेली.

पत्रकावर '९५ टक्के अचूक' लिहिलेलं असतं ते ह्याच अर्थानं. खोटं नाही, पण पूर्णही नाही. माझ्या मते हा सगळा मायक्रोआरएनए प्रकारच फुगवलेला फुगा आहे. तीस वर्षं झाली, दवाखान्यात काय आलं त्यातून?

कापूसकोंडी

फुगा म्हणू नका हो. माझा प्रश्न आहे आणि तो घरचा आहे.

माझ्या वडिलांना (वय ६८, जालना) दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला, सीएलएल. हर्नियाच्या ऑपरेशनआधी साधं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ३८,०००. आम्ही हादरलो. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, तीन-तीन महिन्यांनी नुसतं तपासायचं. आईला तर वाटलं हात टेकले. मग फिश नावाची तपासणी झाली, त्यात '१३ व्या गुणसूत्राच्या लांब बाजूचा तुकडा गळालेला' असं आलं आणि डॉक्टर चक्क म्हणाले, "हे चांगलं आहे."

गुणसूत्राचा तुकडा गळणं चांगलं कसं? विचारायची हिंमत झाली नाही, बाहेर शंभर माणसं बसलेली. मग मीच शोधत बसले, तर त्या तुकड्यात मायक्रोआरएनए असतात असं वाचलं. तिथून पुढं डोकं चालेना. कुणी सांगेल का?

डॉ_हळूहळू

कापूसकोंडी ताई, नांदेडला मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. रक्तविकारतज्ज्ञ नाही, पण एवढं सांगू शकतो.

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टातली ती जागा मायक्रोआरएनएच्या इतिहासात फार मोठी आहे. सीएलएलमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा बदल हाच. लोक वर्षानुवर्षं त्या गळालेल्या तुकड्यात कॅन्सर रोखणारं जनुक शोधत होते आणि प्रथिन बनवणारं काही सापडत नव्हतं. २००२ साली कार्लो क्रोचे यांच्या गटानं दाखवलं की तिथं मिर-१५अ आणि मिर-१६-१ आहेत. मायक्रोआरएनए बिघडल्यानं माणसाला कॅन्सर होतो, याचा हा पहिला पुरावा.

हे दोघं करतात काय? बीसीएल-२ नावाच्या प्रथिनाची धार कमी ठेवतात. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. पेशीनं वेळेत मरणं हे शरीराच्या हिताचं असतं. तुकडा गळाला, दोन्ही कॉक गेले, बीसीएल-२ मोकाट, पेशी मरायचं नाव घेईनात. म्हणून सीएलएलच्या पेशी भराभर वाढण्यापेक्षा साचत जातात. वडिलांचे ३८,००० म्हणजे बऱ्याच अंशी न मेलेल्या पेशींचा साठा.

आता 'चांगलं' का म्हणाले. दगडापेक्षा वीट मऊ. याच आजारात १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळाला तर पी-५३ हे कॅन्सर रोखणारं जनुक जातं आणि आजार आडदांड होतो. ११ व्याचा गळाला तरी त्रासच. फक्त १३ व्याचा गळालेल्यांचा आजार सहसा सावकाश चालतो, काहींना वर्षानुवर्षं औषध लागत नाही. नुसतं तपासत राहणं म्हणजे हात टेकणं नाही. लक्षणं नसताना लवकर औषध देऊन फायदा दिसलेला नाही, म्हणून थांबतात. वजन उतरणं, रात्री घामानं बनियन भिजणं, गाठी वाढणं, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरणं ह्यावर लक्ष ठेवा. आणि पुढच्या वेळी बाहेर दोनशे माणसं असली तरी विचारा.

गोदाकाठचा_दगड, तुमच्या 'दवाखान्यात काय आलं' चं उत्तर इथंच आहे. व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी आहे, २०१६ मध्ये अमेरिकेत सीएलएलसाठी मंजूर झाली. ती बीसीएल-२ लाच जाऊन बसते आणि अडून बसलेल्या पेशींना मरायला लावते. गोळीत मायक्रोआरएनए नाही आणि ती मायक्रोआरएनएमुळं सापडली असंही नाही, बीसीएल-२ आधीपासून माहीत होतं. पण त्या पेशी बीसीएल-२ वर एवढ्या का विसंबून असतात, याचं बरंचसं उत्तर त्या २२ अक्षरांनी दिलं.

कापूसकोंडी

डॉक्टर, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बसवून सांगितल्यासारखं वाटलं. आईला वाचून दाखवलं. तिला बीसीएल-२ कळलं नाही, पण 'न मेलेल्या पेशींचा साठा' कळलं. म्हणाली, "म्हंजी घरातली रद्दी."

गोदाकाठचा_दगड

ठीक. 'फुगा' मागं घेतो, पत्रकाबद्दलचं मागं घेत नाही.

पण मग मायक्रोआरएनएचं स्वतःचं औषध का नाही? कोलेस्टेरॉलचं सहा महिन्यांनी एक घ्यायचं इंजेक्शन आलंय ते हेच ना?

डॉ_हळूहळू

ते इन्क्लिसिरान, भाऊबंदांतलं. त्याला एसआयआरएनए म्हणतात. तो मुद्दाम बनवलेला तुकडा आहे, एकाच नकलेला (कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या पीसीएसके-९ प्रथिनाच्या) जवळपास पुरता जुळतो आणि तिला कापून टाकतो. आर्गोनॉट मात्र तेच वापरतो. एकच नक्कल धरत असल्यामुळं त्याचं औषध करणं सोपं गेलं. मायक्रोआरएनए शंभर ठिकाणी हात घालतो, तिथंच अडतं.

प्रयत्न झाले. हिपॅटायटिस-सी चा विषाणू यकृतातल्या मिर-१२२ चा आधार घेऊन वाढतो. एरवी मायक्रोआरएनए नकला मोडतो, हा विषाणू त्यालाच आपल्या आरएनएवर बसवून संरक्षण करून घेतो. मिराव्हिर्सेन नावाच्या औषधानं मिर-१२२ बांधून ठेवला तर विषाणू खाली आला, ३६ रुग्णांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. पण तेवढ्यात विषाणूला थेट मारणाऱ्या गोळ्या आल्या आणि हे मागं पडलं. दुसरा एमआरएक्स-३४. कॅन्सरमध्ये कमी पडलेला मिर-३४ बाहेरून द्यायचा. प्रतिकारशक्ती भलतीच खवळली, चार रुग्ण दगावले, २०१६ मध्ये चाचणी थांबवली. त्यानंतर सगळे हळू चाललेत, आणि चालावंच.

निदानाचं म्हणाल तर अंडकोषाच्या काही कॅन्सरमध्ये मिर-३७१ ही रक्तातली खूण फार चांगली निघालीय. एक अवयव, एक प्रश्न. 'कॅन्सर, हार्ट, लिव्हर, मेंदू' असा मिसळीचा कट नाही.

खवाभट्टी

डॉक्टर, एक शंका. आमच्या व्हॉट्सॲप गटात आलंय की भातातला मायक्रोआरएनए माणसाच्या रक्तात जातो आणि कोलेस्टेरॉल बिघडवतो, म्हणून भाकरी खा. भाकरी मी तशीबी खातोच. पण हे खरंय का?

शक्ती_ज्वारी

हा माझा प्रांत. परभणीला कृषी विद्यापीठात एमएस्सी करायलोय.

गोष्ट हवेतून आलेली नाही. चीनमधल्या एका गटानं तसा निबंध काढला होता, भातातला मिर-१६८अ माणसाच्या रक्तात सापडला आणि उंदराच्या यकृतातल्या एका नकलेवर त्याचा परिणाम दिसला असा. खळबळ उडाली. वनस्पतींच्या मायक्रोआरएनएच्या शेपटाला मिथाइलची गाठ मारलेली असते, त्यामुळं ते चिवट असतात, हा मुद्दा खराय. पण इतर गटांनी प्राण्यांना तेच चारून पाहिलं तर रक्तात काही नाही, नाहीतर इतकं नगण्य की त्यानं काही होणं शक्य नाही. पेशीत परिणाम दिसायला एका मायक्रोआरएनएच्या शेकडो-हजारो प्रती लागतात. बऱ्याच ठिकाणी तर प्रयोगशाळेतल्या मशीनमध्येच आधीच्या नमुन्यातला वनस्पतीचा आरएनए सांडलेला असतो, तोच परत मोजला जातो.

तर भात सोडायचं कारण नाही. भाकरी खायची तर लोह-जस्तासाठी खा, आमची 'परभणी शक्ती' ज्वारी त्यासाठीच काढलीय.

बाकी मायक्रोआरएनए पिकातही असतातच. मिर-१५६ रोपाला बाल्यावस्थेत ठेवतो. तो ओसरला की रोप वयात येतं. जुना_किडा यांच्या लिन-४ सारखंच काम, किडा नाही तर ज्वारीचं पान.

जुना_किडा

हे मस्त सांगितलं. आणि गंमत म्हणजे वनस्पतींचे आणि प्राण्यांचे मायक्रोआरएनए एकमेकांपासून आलेत असं दिसत नाही. दोघांनी वेगवेगळं शोधलं आणि सापडलं एकच.

पाऊसपाणी_हिंगोली

धागा आवडला. आमच्या घरात आजोबा, वडील आणि आता थोरला भाऊ, तिघांना तिशीनंतर ऐकू कमी येत गेलं. जन्मतः नाही. गावात म्हणतात मामाच्या पोरीशी लग्नं केली म्हणून. ह्याचा मायक्रोआरएनएशी संबंध असू शकतो का?

डॉ_हळूहळू

असू शकतो, पण क्वचित. २००९ मध्ये मिर-९६ मधलं एक अक्षर बदलल्यानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकू कमी होत गेलेली स्पेनमधली कुटुंबं सापडली. बदल नेमका त्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांमध्येच, म्हणजे चिकटायच्या जागेवर. कानातल्या रोमपेशींना तो लागतो. मायक्रोआरएनएतला बदल थेट आनुवंशिक आजार करतो, हे माणसात त्यामुळं कळलं.

पण ऐकू न येण्याची जनुकं शंभराहून जास्त आहेत, त्यात हे फार दुर्मीळ. नात्यातल्या लग्नांचं म्हणाल तर ज्या आजारांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते तिथं त्याचा धोका वाढतो. तुमच्याकडे सलग तीन पिढ्या बापाकडून मुलाकडे आलंय, तिथं बिघडलेली एकच प्रत पुरी पडत असावी. तेव्हा गावानं मामाच्या पोरीला उगाच बोल लावू नये. भावाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा आणि ट्रॅक्टर, गिरणी, डीजे असा आवाजाचा त्रास आहे का तेही डॉक्टरांना सांगा. श्रवणयंत्राला लाजू देऊ नका.

पाऊसपाणी_हिंगोली

डीजे त्याचाच आहे साहेब.

मांजराकाठ
गुरुवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. बापूंचं सांगतो.

मंगळवारी त्यांना हा धागा वाचून दाखवला. ५५ घरांचं गणित त्यांनी बोटांवर दोनदा करून घेतलं. डॉक्टरांच्या रद्दीवर हसले (म्हणजे कापूसकोंडी ताईंच्या आईंच्या). पण पटलं ते जांभळी_ट्यूब ताईंचं. गुलाबी पाण्याचं ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी दूध नासल्यावर डेअरीत फॅट लावल्यागत." उरलेले साडेसहा हजार दिले नाहीत. दोन हजारांसाठी फोन केला तर 'रिफंड पॉलिसी नाही'. गेले.

ताईंनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं होतं की गावातच फुकट होण्यासारखं आधी करून घ्या. तीस वर्षांपुढच्यांची बीपी-शुगर, तोंडाची तपासणी, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाची, हे सरकारी उपकेंद्रात होतं. आशाताईंनी काकूंचा फॉर्म भरला. काकू कधी नव्हे त्या तयार झाल्या, सोबत बापूंनाही ओढून नेलं.

तिथल्या मॅडमनी बापूंना तोंड उघडायला लावलं आणि आपली तीन बोटं उभी धरून घालायला सांगितली. दोनच गेली. गालाच्या आत पांढरट, हाताला दोरीसारखं लागतंय. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिलीय. सोमवारी लातूरला दाखवायला नेतोय.

जांभळी_ट्यूब

दादा, सोमवारपर्यंत पुडी बंद. चुना लावून नाही, नुसती नाही, 'जेवणानंतर एक' पण नाही. आणि बायोप्सी सांगितली तर घाबरून परत आणू नका, करून घ्या.

मांजराकाठ

पुडी काकूंनी चुलीत घातली. बापू अंगणात बसलेत, बोलत नाहीत कुणाशी.